निंजा गेडेन: मार नव्हे, खड्डा मारतो

निंजा गेडेन या जुन्या टीव्ही गेममध्ये नायक ऱ्यू हायाबुसाला १६ घरांची ताकदीची पट्टी मिळते. साध्या शत्रूचा धक्का लागला तर त्यातली थोडीच घरं जातात. हिशोबाने गडी बरेच फटके पचवू शकतो, तरी बहुतेक जीव पट्टी अर्धी भरलेली असतानाच जातात. फटका बसला की ऱ्यू मागे उडतो आणि मागे नेमका खड्डा असतो. गेमची सगळी कुप्रसिद्धी या एका धक्क्यावर उभी आहे. म्हणून ‘बोटं वेगाने चालत नाहीत’ असं म्हणून सोडून देण्यासारखा हा गेम नाही. उडी कुठून मारायची, वार कधी करायचा आणि कुठे अजिबात थांबायचं नाही, हे पाठ करायचं असतं, आणि ते पाठ होतं.

आधी आपल्या हातात कुठला गेम आहे ते बघून घ्या. टेक्मो कंपनीने डिसेंबर १९८८ मध्ये जपानमध्ये फॅमिकॉम या निन्टेन्डोच्या टीव्ही गेम यंत्रावर ‘निंजा ऱ्युकेनदेन’ आणला. १९८९ मध्ये तोच अमेरिकेत ‘निंजा गेडेन’ म्हणून आला, आणि १९९१ मध्ये युरोपात ‘शॅडो वॉरियर्स’ या नावाने. आपल्याकडच्या नकली कॅसेटवर यांपैकी कुठलंही नाव असू शकतं. मधल्या चित्रकथेतले संवाद जपानी दिसले तर कॅसेट खराब नाही, आवृत्ती जपानी आहे एवढंच. याच नावाचा १९८८ चा आर्केड गेम (दुकानात नाणं टाकून खेळायचा) मात्र पूर्ण वेगळा आहे. त्यात गल्लीत गुंडांना बदडत पुढे जायचं असतं. चुकून तो सुरू केलात तर खालचं काहीच लागू पडणार नाही. ‘हजार गेम एकात’ छापाच्या स्वस्त कॅसेटमध्येही हा सहसा सापडत नाही. त्या कॅसेटमध्ये छोटे छोटे गेम कोंबलेले असतात, आणि हा त्या मानाने मोठा: १२८ किलोबाइट प्रोग्रॅम, १२८ किलोबाइट चित्रं आणि वर मेमरी बदलणारी वेगळी चिप.

माळ्यावरून उतरवलेला डबा

कोकणात हे जुने टीव्ही गेम बाहेर निघतात ते बहुधा गणपतीत. चाकरमानी घरी येतात, पोरं माळा धुंडाळतात आणि पिशवीत गुंडाळलेला डबा खाली येतो. नेमका तोच काळ सगळ्यात दमट. त्यातून मालवण, वेंगुर्ले, देवगड, हर्णै अशा समुद्राला लागून असलेल्या गावांत हवेत खारही असतो. खार आणि ओल मिळून कॅसेटच्या पट्ट्यांवर काळपट किंवा हिरवट थर धरतो. डबा उतरवल्या उतरवल्या प्लग खोचू नका. एक दिवस खोलीत, पंख्याखाली उघडा ठेवा.

पहिलं काम अ‍ॅडॉप्टरचं. कन्सोलच्या बुडाला व्होल्टेज, मिलिअँपिअर आणि पिनच्या ध्रुवांची खूण छापलेली असते. पिनच्या आत ऋण की धन, ते त्या खुणेवरून कळतं. मूळ फॅमिकॉममध्ये मधली पिन ऋण असते, नकली डब्यांत दोन्ही प्रकार सापडतात. अ‍ॅडॉप्टरवरची खूण कन्सोलवरच्या खुणेशी जुळलीच पाहिजे. जुना, आत ट्रान्सफॉर्मर असलेला ९ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर मोकळा मोजला तर मल्टिमीटर १२-१३ व्होल्ट दाखवतो. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, भार पडला की आकडा खाली येतो. पण मुळातच १२ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर ‘बसतोय ना’ म्हणून लावू नका. अशा बऱ्याच डब्यांत आतला रेग्युलेटर सगळं ५ व्होल्टवर आणतो आणि उरलेलं उष्णता म्हणून टाकतो. अर्ध्या तासात तो तापून गेम अडकायला लागतो. एनईएस म्हणजे फॅमिकॉमच्या अमेरिकन रूपाचा मूळ अ‍ॅडॉप्टर तर एसी देतो, तो फॅमिकॉम किंवा त्याच्या नकलेला लावायचाच नाही. पडद्यावर हळूहळू वर सरकणारे आडवे पट्टे आणि आवाजात घरघर आली, तर बहुतेक वेळा अ‍ॅडॉप्टरमधला कपॅसिटर म्हातारा झालेला असतो. नवा अ‍ॅडॉप्टर घेणं सोपं.

दुसरं काम पट्ट्यांचं. फॅमिकॉम पद्धतीच्या कॅसेटला ६० पट्ट्या असतात. वीज बंद करून कॅसेट काढा. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं. हाताला लावायच्या सॅनिटायझरने काम भागवू नका, त्यात पाणी आणि बहुधा ग्लिसरीन असतं, आणि ते चिकट थर सोडतं. कानकाडीला अल्कोहोल लावून पट्टीच्या लांबीच्या दिशेने पुसा, आडवं घासू नका. काडी काळी झाली की दुसरी घ्या. काडी स्वच्छ निघेपर्यंत हे चालू द्या. हिरवा थर तरीही निघाला नाही, तर शेवटचा उपाय म्हणून पांढऱ्या मऊ खोडरबराचे दोन-तीन हलके हात मारा. जास्त घासलं तर वरचा सोनेरी मुलामा जातो, आणि मग ती पट्टी दर पावसाळ्यात हिरवी पडते. उन्हाळ्यात ५ मिनिटं वाळू द्या, भादव्यात २०. आणि तोंडाने फुंकर मारणं बंद करा. फुंकल्यावर गेम चालतो तो कॅसेट काढून पुन्हा नीट बसवल्यामुळे. फुंकरीतली ओल मात्र पट्टीवर राहते.

कन्सोलच्या खाचेसाठी जुन्या एटीएम कार्डाला सुती फडक्याची एकच घडी गुंडाळा, त्यावर अल्कोहोलचे चार थेंब टाका आणि कार्ड सरळ आतबाहेर करा. जाड घडी घातलीत तर आतल्या पिना वाकतात आणि मग कुठलीच कॅसेट धड लागत नाही.

रिमोटकडे, म्हणजे हातात धरायच्या बटणांच्या पट्टीकडे, लोक दुर्लक्ष करतात. या गेमसाठी ते फार महागात पडतं, कारण ‘वर’चा बाण आणि बी बटण एकत्र दाबलं की हातातलं खास शस्त्र सुटतं आणि गुण खर्च होतात. बाणाच्या बटणाखालचं रबर ओलीने चिकट झालं असेल, तर साधा वार करताना ‘वर’ आपोआप दाबलं जातं आणि गुणांचा आकडा बघता बघता शून्यावर येतो. स्क्रू काढा, रबराच्या काळ्या ठिपक्या कोरड्या फडक्याने पुसा, आणि बोर्डावरच्या जागा अल्कोहोलने. टर्बो बटणं (धरून ठेवली की आपोआप भराभर दाबली जाणारी) या गेमसाठी विसरून जा.

लाईट गेली की सगळं गेलं

या गेममध्ये सेव्ह नाही, पासवर्डही नाही. कंटिन्यू, म्हणजे सगळे जीव संपल्यावर पुढे खेळायची संधी, कितीही वेळा मिळतो, पण वीज चालू आहे तोवरच. सहाव्या, म्हणजे शेवटच्या अंकात असताना लाईट गेली की पुन्हा पहिल्या अंकाच्या रस्त्यावर. पावसाळ्यात फांदी तारेवर पडायला वेळ लागत नाही, तेव्हा घरात इन्व्हर्टर असेल तर टीव्ही आणि कन्सोल दोन्ही त्याच्याच सॉकेटवर लावा. नसेल तर संगणकाचा छोटा यूपीएस पुरतो. कन्सोल जेमतेम काही वॅट खातो, खरा भार टीव्हीचा. लहान एलईडी टीव्ही यूपीएसवर बऱ्यापैकी तगतो, जुना डबा टीव्ही लवकर बॅटरी संपवतो. लाईट जाण्याची लक्षणं दिसली की स्टार्ट दाबून पॉज करा, टीव्ही बंद करा, कन्सोल चालू ठेवा. नुसता कन्सोल यूपीएसवर बराच वेळ टिकतो. वीजा कडाडायला लागल्या तर मात्र गेमचा मोह सोडून प्लगच काढायचा.

टीव्ही निवडताना एक गोष्ट लक्षात घ्या. जुन्या डबा टीव्हीवर बटण दाबल्या क्षणी उडी दिसते. सपाट टीव्ही आधी चित्र मोठं करतो, मग दाखवतो, आणि तेवढ्या विलंबात शत्रू अंगावर येतो. सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ असेल तर चालू करा, चित्र सुधारणाऱ्या बाकीच्या सोयी बंद करा. डब्याला एव्हीचं पिवळं-पांढरं आउटपुट असेल तर तेच वापरा. अँटेनाच्या वायरीने लावलं तर चॅनेल शोधत बसावं लागतं आणि चित्रात मुंग्याही येतात.

यापेक्षा मोठा घोळ वेगाचा आहे. मूळ जपानी आणि अमेरिकन यंत्र सेकंदाला साधारण ६० चित्रं दाखवतं. आपल्याकडचे, पाल या टीव्ही पद्धतीसाठी बनवलेले नकली डबे ५० दाखवतात. गेम चित्रांच्या हिशोबाने चालतो, म्हणून अशा डब्यावर तो सुमारे १७ टक्के हळू धावतो. म्हणजे थोडा सोपाही. घरच्या डब्यावर पाचवा अंक गाठणारा मुलगा मुंबईला भावाच्या लॅपटॉपवर दुसऱ्या अंकात का अडकतो, त्याचं उत्तर इथे आहे. हात ५० ला बसलेला, समोर ६०. सराव आणि खरा खेळ एकाच वेगावर ठेवा. एम्युलेटरमध्ये, म्हणजे जुने गेम संगणकावर चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, हा पर्याय बदलता येतो.

कायदेशीर मार्गाने खेळायचं तर निन्टेन्डोच्या २०१६ च्या एनईएस क्लासिक एडिशनमध्ये हा गेम आहे, आणि त्यांच्याच स्विच यंत्राच्या ऑनलाइन सेवेतल्या जुन्या गेममध्ये तो डिसेंबर २०१८ पासून आहे. मोबाइलच्या काचेवरच्या बटणांवर हा गेम खेळू नका. अंगठ्याला कडा लागत नाही, आणि इथे कडाच लागते.

गेमचे न सांगितलेले नियम

पहिला नियम जमिनीवरच्या वाराचा. जमिनीवर उभं राहून तलवार चालवली की ऱ्यू थांबतो. हवेत चालवली तर उडी तशीच पुढे चालू राहते. ज्याला पुढे जायचं आहे त्याने हवेत वार करायला शिकलं पाहिजे. पहिल्या अंकात खास शस्त्र न घेता, प्रत्येक शत्रूला फक्त उडीतून मारून बघा. कंटाळवाणं वाटेल, पण पुढच्या सगळ्या अंकांत हीच चाल लागते.

दुसरा नियम शत्रूंच्या परत येण्याचा. प्रत्येक शत्रूची एक जागा ठरलेली असते. ती जागा पडद्याच्या कडेवर आली की शत्रू हजर. तुम्ही त्याला मारलंत, घाबरून दोन पावलं मागे गेलात आणि पुन्हा पुढे आलात, की तोच शत्रू नव्याने हजर. कडेवर घुटमळणाऱ्याला गेम अक्षरशः रांगेने माणसं पाठवतो. म्हणून मारलं की पुढे. मागे हटायचं असेल तर मारण्याआधी. हाच नियम उलटाही वापरता येतो. अडचणीचा शत्रू पडद्याबाहेर जाईल इतके मागे या, तो नाहीसा होईल. मग पुन्हा पुढे जाताना तो कुठल्या क्षणी उगवतो ते तुम्हाला आधीच माहीत असेल.

तिसरा नियम धक्क्याचा. फटका बसला की ऱ्यू मागे फेकला जातो आणि तो उडत असेपर्यंत तुमच्या हातात फारसं काही नसतं. म्हणून फळीच्या टोकावर उभं राहून शत्रूची वाट बघायची नाही. उडी टोकावरून घ्यायची असेल तर आधी मागे, फळीच्या मध्यावर थांबा, समोरचा शत्रू उगवू द्या, त्याची चाल बघा आणि मग धावत टोकाला जाऊन उडी घ्या. पावसाळ्यात साकव ओलांडताना आपण मधे थांबून खाली बघत नाही. अलीकडे उभं राहून सगळं बघून घेतो आणि मग एका दमात पलीकडे जातो. इथेही तेच.

चौथा नियम भिंतीचा. ऱ्यू भिंतीला चिकटतो, पण या पहिल्या भागात साध्या भिंतीवर सरपटत चढत नाही. शिडी असेल तरच चढतो. समोरासमोर दोन भिंती असतील तर विरुद्ध दिशेचा बाण आणि ए (उडीचं बटण) दाबून एकीवरून दुसरीवर उड्या मारत वर जाता येतं. एकच भिंत असेल तर उडी बाहेर घेऊन लगेच बाण भिंतीकडे वळवायचा, म्हणजे तो थोडा वर जाऊन पुन्हा चिकटतो. इथे लोक ए दाबून ठेवतात आणि बाण उशिरा वळवतात, मग खाली येतात. ए झटकन, बाण त्याहून झटकन. चिकटलेल्या अवस्थेत तलवार चालत नाही, तेव्हा पक्षी फिरत असेल तर आधी तो मारा, मग भिंत धरा.

घड्याळ १५० पासून उलटं मोजतं. सुरुवातीला ते कधीच अडचणीचं ठरत नाही. पुढे, प्रत्येक शत्रूपाशी घुटमळलात तर ठरतं. चित्रकथा पाहिलेली असेल तर स्टार्ट दाबून पुढे जा.

दिवे फोडताना हात आवरा

वाटेतले दिवे आणि बाकीच्या वस्तू फोडल्या की काही ना काही पडतं. खास शस्त्रांना गुण लागतात. निळी वस्तू घेतली तर ५ गुण मिळतात, लाल घेतली तर १०. छोटी चांदणी ३ गुण खाते, मोठी भिंगरी चांदणी ५, आगीचे गोळे ५ आणि उडीतली फिरती तलवारही ५.

नवे खेळाडू पडेल ते उचलतात आणि हातातलं चांगलं शस्त्र घालवतात, कारण नवं शस्त्र उचललं की जुनं जातं. चांगल्या शस्त्राच्या जागी साधी चांदणी येणं म्हणजे तोटाच. कुठल्या दिव्यात काय आहे ते ठरलेलं असतं, एकदा कळलं की नको असलेला दिवा फोडायचाच नाही.

भिंगरी चांदणी पुढे जाऊन परत येते. परत येताना तिच्यावरून उडी मारली तर ती हातात न येता मागे निघून जाते आणि पुन्हा वळते. असं झेलणं चुकवत राहिलात तर ५ गुणांत ती बराच वेळ शत्रू कापत फिरते. आगीचे गोळे तिरपे वर जातात, म्हणून ते पक्ष्यांसाठी. जमिनीवरच्या शत्रूवर ते वाया घालवू नका. वाळूचं घड्याळ काही सेकंद सगळ्यांना थिजवतं, ते घेतल्यावर मारत बसू नका, पळा. आगीचं कडं ऱ्यूभोवती फिरतं तेव्हाही तसंच. ताकदीची पट्टी भरणारी बाटली मात्र पट्टी भरलेली असताना फोडून वाया घालवू नका.

उडीतली फिरती तलवार हे सगळ्यात घातक शस्त्र. ती बॉसच्या, म्हणजे अंकाच्या शेवटी येणाऱ्या मोठ्या शत्रूच्या, अंगावर लागोपाठ लागते. बॉसचीही ताकद १६ घरांचीच असते, आणि नीट अंगावर उडी पडली तर एका-दोन उड्यांत पट्टी रिकामी होते. तिची अडचण अशी की ती हातात असताना हवेत मारलेला वार गुण खातो. साध्या शत्रूवर हवेत वार करायची सवय आपण आत्ताच लावून घेतली, म्हणजे बॉसपर्यंत पोचेतो गुण शून्य. तेव्हा ही हातात आली की तात्पुरतं जमिनीवरून मारायला लागा आणि निदान २०-२५ गुण राखून बॉसपाशी जा.

अंकांची वाट

गेम सहा अंकांचा. पहिल्या अंकाच्या शेवटी कुऱ्हाडवाला बार्बेरियन आहे. तो फार लांब पोचत नाही. त्याची कुऱ्हाड चालून गेली की जवळ जा, दोन वार करा, मागे व्हा. लोभाने तिसरा वार केला तर मार बसतो. दुसऱ्या अंकातल्या बॉम्बरहेडला अंतर आवडतं, त्याच्या साखळीच्या टप्प्याच्या आत, अंगाला चिकटून लढा. तिसऱ्यातला बसाकर भिंतींवर उड्या मारत वरून मारा करतो. त्याचा पाठलाग करू नका, खाली एका जागी थांबून तो उतरेल तेव्हा वार करा.

चौथ्या अंकात केल्बरॉस नावाचे दोन राक्षसी प्राणी एकदम येतात. दोघांनाही मारत सुटायचं नाही, मार एकालाच लागतो. सुरुवातीला दोघांवर एकेक वार करा आणि नजर बॉसच्या पट्टीवर ठेवा. पट्टी ज्याच्यामुळे हलली तोच खरा, दुसऱ्याला फक्त चुकवायचं. पाचव्यात ब्लडी माल्थ. हा विजेचे मारे करतो, इथे फिरती तलवार सगळ्यात उपयोगी पडते. ती नसेल तर घाई नको.

मधल्या अंकांत गरुड सुरू होतात. या गेममध्ये सर्वाधिक जीव त्यांनीच घेतले असतील. गरुड सरळ येत नाही. तुमच्यावरून पुढे जातो, वळतो आणि परत येतो. तो डोक्यावर असताना हवेत तलवार फिरवणं निरर्थक. तो तलवारीच्या उंचीला येईल तेव्हा, तुम्ही फळीच्या मधोमध असताना, एकच वार. हुकला तर लगेच उडी घ्यायची नाही, तो वळून येण्याची वाट बघायची. शेजारी कोणी बसलं असेल तर त्याला एवढंच काम द्या, पडद्याच्या कडेवर लक्ष ठेवायचं. ‘दादा, गरुड इलो!’ एवढं वेळेवर ओरडणारा धाकटा भाऊ एका जादा जिवाइतका कामाचा असतो. ‘थांब मरे, आता नको’ असं सांगणारा त्याहून जास्त.

प्रत्येक भागाचे थांबे वहीत लिहून काढा. पडदा ओळखायची खूण, कुठे थांबायचं, कुठला शत्रू कुठून येतो, कुठला दिवा फोडायचा नाही. एका थांब्यापासून पुढच्या थांब्यापर्यंत लागोपाठ तीन वेळा मार न खाता जाता आलं की तो भाग झाला असं समजा. एखाद्या वेळी नशिबाने पार झालं त्याला काही अर्थ नाही.

सहावा अंक

इथे बहुतेक जण गेम सोडतात आणि त्यांना दोष देता येत नाही. यातला दुसरा भाग, सहा-दोन, अरुंद फळ्या आणि गरुड यांनी भरलेला आहे. तुम्ही जिथे उतरणार तिथेच शत्रू उगवतो. इथे मधल्या अंकांतला ‘थांबून बघा’ हा सल्ला बदलावा लागतो. सहा-दोनमध्ये जेवढं थांबाल तेवढे गरुड जमतात. योग्य रीत अशी: भागाच्या सुरक्षित सुरुवातीला थांबून पुढच्या तीन-चार उड्या मनात घोका, आणि मग एकाच वेगाने, न थांबता त्या घ्या, उतरण्याआधी हवेत वार करत. शत्रूंच्या उगवण्याचा क्षण तुमच्या सरकण्याशी बांधलेला असल्याने, तुमचा वेग दर वेळी सारखा असेल तर शत्रूही बहुतेक सारखेच भेटतात. घाबरून मधेच थबकलात तर सगळा ताल बदलतो. म्हणूनच निष्णात खेळाडू अख्खा गेम १२ मिनिटांच्या आत संपवताना कुठे थांबलेले दिसत नाहीत. त्यांच्यासाठी पळणं हाच सुरक्षित मार्ग असतो.

आणि आता खरी दुष्टाई. सहाव्या अंकाच्या शेवटच्या बॉसपाशी जीव गेला की गेम तुम्हाला जवळच्या भागात न ठेवता थेट सहा-एकला नेऊन सोडतो. सहा-दोनसकट सगळं पुन्हा. ही शिक्षा अवाजवी आहे, पण तिच्यात एक सूट दडलेली आहे. मुखवटेधारी, जाक्वियो आणि शेवटचा दैत्य अशा तीन शेवटच्या लढतींपैकी जी जिंकलीत ती पुन्हा खेळावी लागत नाही. म्हणजे मुखवटेधारी हरला आणि जाक्वियोने तुम्हाला मारलं, तर पुढच्या वेळी थेट जाक्वियो. तेव्हा तिन्ही एका दमात मारायची जिद्द धरू नका, एका खेपेला एक, असा हिशोब ठेवा. त्यासाठी सहा-एक ते सहा-तीन दर खेपेला पार होईल इतकं पक्कं करायला हवं, नाहीतर बॉससमोर उभं राहण्याची संधी फार कमी मिळते. एम्युलेटरवर किंवा स्विचवर सरावापुरते सेव्ह पॉइंट वापरून तीनही लढती आधी वेगळ्या खेळून बघण्यात काही गैर नाही. पहिल्यांदाच समोर आलेल्या बॉसकडे बघत उभं राहण्यात सहा-दोनची मेहनत घालवणं मात्र मूर्खपणा.

मुखवटेधारी म्हणजे ताब्यात गेलेला ऱ्यूचा बाप. त्याला तलवारीने मारून काही होत नाही. त्याच्यावर ताबा ठेवणारा चमकणारा गोळा त्या खोलीतच आहे, तो फोडायचा. बापाच्या हल्ल्यांना फक्त चुकवा.

जाक्वियो हवेत तरंगत डावीकडून उजवीकडे फिरतो आणि आगीचे गोळे सोडतो. फिरती तलवार हातात असेल तर तो खाली येताच उडी घ्या, बऱ्याचदा एकाच उडीत संपतो. नसेल तर उगाच त्याच्या मागे धावू नका. गोळे येऊ द्या, त्यांना वळसा घालून त्याच्या खाली या, एक उडी, एक वार, परत बाजूला. दोन गोळ्यांच्या मधे उडी मारून वार करायला जाणारे बहुतेक जण दुसऱ्या गोळ्याला सापडतात.

शेवटचा दैत्य तीन जागी फोडावा लागतो: डोकं, शेपूट आणि काळीज. डोकं आणि शेपूट संपल्याशिवाय काळजावर वेळ घालवू नका. पट्टी भरलेली असेल तर थोडा मार खाऊनही इथे वार करत राहणं परवडतं. मागे खड्डा नाही, त्यामुळे धक्क्याची भीती इथे नाही.

गेम संपला आणि पुढचा खेळायचा असेल तर १९९० चा दुसरा भाग घ्या. त्यात ऱ्यू साध्या भिंतीवर चढतो, भिंतीला धरून खास शस्त्रही सोडता येतं आणि त्याच्या सावल्या सोबत लढतात, त्यामुळे हाताला सोपा वाटतो. दुसऱ्या अंकातला वारा मात्र उडीची लांबी बदलतो, तेवढा अंदाज नव्याने घ्यावा लागेल. तिसरा भाग घेणार असाल तर आधी आवृत्ती बघा. जपानीत कंटिन्यूला मर्यादा नाही, अमेरिकनमध्ये फक्त ५ मिळतात आणि मारही जास्त बसतो. पहिल्यांदा खेळताना जपानीच घ्या.